परवाना नावाची संहिता : लिनक्सचा समुदाय, बाजार आणि मराठी अक्षर

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकावरची प्रत आज मला वाचता येत नाही. २००१ साली डिचोलीत एका टंकलेखकाकडून तो प्रबंध मी करून घेतला होता. तेव्हाच्या रीतीप्रमाणे मराठी टंक एका खासगी कंपनीचा, आणि तो चालावा म्हणून संगणकाच्या पाठीमागे बोटाएवढी एक किल्ली लावून ठेवावी लागे. पुढे किल्ली बिघडली, टंकलेखकाने दुकान बंद करून दुसरा व्यवसाय धरला, आणि आज ती फाइल उघडली की पहिल्या प्रकरणाच्या जागी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि अर्धवट कंस यांची रांग दिसते. बांधीव प्रत कपाटात आहे, म्हणून प्रबंध बुडाला असे म्हणता येणार नाही. पण शब्द माझे, वाक्ये माझी, फाइलही माझ्याच तबकडीवर, आणि अक्षर मात्र दुसऱ्याच्या मालकीचे, ही जाणीव मला तेव्हा प्रथम झाली.

त्या जाणिवेतून मी लिनक्सकडे वळले. ती प्रणाली कशी वापरावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तेवढा माझा अधिकारही नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी मिळून घडवलेली, कोणालाही उतरवून घेता येणारी ही संगणकप्रणाली गेली पंचवीस वर्षे मोठमोठ्या कंपन्या बाजारात विकत आहेत. बँका, शेअरबाजार, दूरध्वनी कंपन्या तिच्यावर चालतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तीच आहे. असे असताना तिच्याभोवतीचा समुदाय विखुरला का नाही? आपल्या श्रमावर दुसरा पैसा मिळवतो हे दिसत असूनही माणसे तिथे काम का करत राहतात, आणि कधी रागावून निघून जातात? साहित्याच्या विद्यार्थिनीने या प्रश्नाकडे जायचे तर तिच्या हाती एकच साधन आहे, ते म्हणजे संहितावाचन. सुदैवाने या समुदायाचा सारा इतिहास लेखी आहे. परवाने, करारनामे, जाहीर पत्रे, घोषणा. मी त्या वाचल्या, त्यांचा हा वृत्तान्त.

आधी शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे. आमच्या शिरगावातल्या एका विद्यार्थ्याला मी लिनक्सविषयी सांगत होते, तेव्हा त्याने मध्येच विचारले, ‘मॅडम, हें फुकट मेळटा जाल्यार तांचें पोट कशें भरता?’ प्रश्न अगदी रास्त होता आणि त्यातली गोची ‘फुकट’ या शब्दात होती. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे या चळवळीला जन्मापासून खुलासे करत बसावे लागले. पोर्तुगीजला ही अडचण नाही. तिथे ‘ग्रातिश’ वेगळे, ‘लिव्र’ वेगळे. ब्राझीलमध्ये या सॉफ्टवेअरला दुसऱ्याच शब्दाने ओळखतात. लिसेंव शिकलेल्या आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना हा भेद समजायला अर्धे मिनिटही लागले नाही. मराठीलाही खरे तर अडचण नाही. ‘फुकट’ म्हटले की त्या वस्तूची किंमतच जाते, ‘मोफत’मध्ये सरकारी योजनेचा वास येतो, ‘मुक्त’ म्हटले की मोक्षापासून मुक्तछंदापर्यंतचा मोठा पट समोर येतो. मुक्तछंदाचा दाखला मला विशेष जवळचा वाटतो. वृत्ताच्या बंधनातून सुटलेली कविता शिस्तीतून सुटलेली नसते, हे वर्गात दरवर्षी सांगावे लागते. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे.

मराठीत मात्र एक गंमत झाली आहे. इंग्रजीत या मंडळींचे दोन पंथ आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासूनचा पंथ ‘फ्री’ म्हणतो आणि स्वातंत्र्याची, नीतीची भाषा बोलतो. नेटस्केप कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे जाहीर केल्यावर काही जणांना वाटले की, व्यापाऱ्यांपुढे नीतीची भाषा चालणार नाही. म्हणून त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यांनी उचलला. अर्थात नवा शब्द बाजारासाठीच घडवला गेला. जुन्या पंथाला तो अजूनही मानवत नाही. मराठीत आपण या ‘ओपन सोर्स’चे भाषांतर ‘मुक्त स्रोत’ असे केले आणि जुन्या पंथाचा ‘मुक्त’ नव्या पंथाच्या नावाला लावून टाकला. भांडण आपल्याकडे आलेच नाही. ते भाषांतरात विरून गेले. हे चांगले झाले की वाईट, याचा निर्णय मला करता येत नाही. पण पुढे जे प्रसंग सांगायचे आहेत ते समजण्यासाठी हा भेद मनात ठेवला पाहिजे.

आणखी एक शब्द. ‘सोर्स कोड’ला मी ‘स्रोतसंहिता’ म्हणते. साहित्यात ज्याला आपण संहिता म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो, कारण ही संहिताही माणसाने लिहिलेली, माणसाने वाचायची, पाठभेद असलेली असते. यंत्राला लागणारे रूप नंतरचे.

लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, हे आता सर्वांना ठाऊक असते. फारसे कोणी सांगत नाही ते असे की, लिनक्सचा पहिला परवाना बाजाराला पूर्ण बंदी करणारा होता. संहिता सर्वांना मिळाली पाहिजे, आणि ती देताना कोणी पैसे घेता कामा नये, अगदी नक्कल करण्याचा खर्चही नाही. काही महिन्यांतच अडचण उघड झाली. फ्लॉपी तबकड्यांवर नकला करून वाटणाऱ्यांना निदान तबकडीचे पैसे तरी हवे होते. १९९२ च्या आरंभी टॉरवाल्ड्स यांनी तो परवाना सोडून स्टॉलमन यांचा ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे जीपीएल, स्वीकारला. त्यात विक्रीला मनाई नाही. हवे तितके पैसे घ्या; अट एवढीच की ज्याला प्रणाली द्याल त्याला तिची स्रोतसंहिताही द्यावी लागेल, आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व पुढे देण्याचा जो हक्क तुम्हांला मिळाला तोच त्यालाही मिळेल. प्रताधिकाराचा कायदा वापरूनच प्रताधिकाराची मक्तेदारी मोडण्याची ही युक्ती आहे. सापाच्या विषानेच सापाचा उतारा.

म्हणजे बाजाराला दार उघडून देणारा माणूस बाहेरून आलेला व्यापारी नव्हता, तो स्वतः कर्ता होता. समुदायानेही पुढे हे लेखी मान्य केले. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा प्रकल्प पूर्णपणे स्वयंसेवकांचा; त्याने जुलै १९९७ मध्ये स्वतःचा एक ‘सामाजिक करार’ प्रसिद्ध केला. त्याला जोडलेल्या निकषांत असे स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्या क्षेत्रात, उदाहरणार्थ व्यवसायात, सॉफ्टवेअर वापरायला जो परवाना मनाई करील तो मुक्त मानला जाणार नाही. या समुदायाची निष्ठा बाजारविरोधी आहे, असा जो समज असतो तो या कलमापुढे टिकत नाही.

आमच्याकडे वैशाख शुद्ध पंचमीला श्रीदेवी लईराईची जत्रा भरते. हातात रंगीत गोंड्यांचा बेत घेतलेले हजारो धोंड सोवळ्याने राहून, उपवास धरून येतात आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. त्यांना कोणी पगार देत नाही, कोणी बोलावणेही पाठवत नाही. त्याच रात्री त्याच रस्त्यावर फेरी भरलेली असते. खाजे, लाडू, चणे, खेळणी, बांगड्या. गोव्यातल्या बहुतेक जत्रांत फेरीच्या जागांची पावणी होते आणि दुकानदार पैसे मोजून जागा घेतो. धोंडाला खाजेवाल्याचा राग येत नाही. खाजेवाला होमकुंडाच्या वाटेवर दुकान थाटू लागला तर मात्र येईल. लिनक्सच्या इतिहासातली जवळजवळ सगळी भांडणे मला या दुसऱ्या प्रकारची दिसतात.

पहिले मोठे उदाहरण रेड हॅट या अमेरिकन कंपनीचे. ११ ऑगस्ट १९९९ रोजी तिचे समभाग बाजारात आले. १४ डॉलरला विकलेला समभाग पहिल्याच दिवशी ५२ डॉलरवर बंद झाला. त्याआधी कंपनीने एक अपूर्व गोष्ट केली होती. लिनक्ससाठी संहिता लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना पत्रे पाठवून, मूळ भावाने समभाग घेण्याची संधी तिने देऊ केली. हेतू कृतज्ञतेचा होता यात शंका नाही. पण समभाग द्यायचे काम एका दलाल कंपनीकडे होते, आणि तिच्या अर्जात उत्पन्न किती, गुंतवणुकीचा अनुभव किती असे प्रश्न होते. अनेक तरुण स्वयंसेवक, त्यांत विद्यार्थी पुष्कळ, त्या अर्जात नापास झाले. काहींचे नंतर निस्तरले, काहींचे नाही. ज्यांच्या श्रमावर कंपनी उभी राहिली त्यांना ‘तुम्ही या व्यवहाराला पात्र नाही’ असे एका छापील अर्जाने सांगितले.

हा प्रसंग वाचताना मला आपल्या गावकारीची आठवण झाली. गावची जमीन गावकारांच्या संघाची, ती पावणीने कसायला द्यायची, खर्च वजा जाता उरलेले गावकारांत वाटायचे, ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याआधीची. १५२६ च्या फोरालाने ती फक्त लेखी नोंदवली. पुढे कोमुनिदादींत हस्तांतर करता येणारे समभागही आले, आणि गावाशी नाते नसलेला माणूसही समभाग विकत घेऊन तिचा घटक होऊ लागला. सामायिक मालमत्तेला भाव फुटला की ‘आपला कोण’ हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. तुलना फार ताणू नये. नव्या काबिजादीत, म्हणजे आमच्या डिचोलीत आणि पेडण्यात, गावकारीचा इतिहास तिसवाडी-साष्टीपेक्षा निराळा आहे.

खरी परीक्षा २००३ साली झाली. तोवर रेड हॅटची प्रणाली सर्वांना मोफत उतरवून घेता येत असे. त्या वर्षीची नववी आवृत्ती शेवटची ठरली. यापुढे व्यवसायांसाठी वर्गणी भरून घ्यायची ‘एंटरप्राइझ’ आवृत्ती, आणि समुदायासाठी ‘फेडोरा’ नावाचा वेगळा, जलद बदलणारा प्रकल्प, अशी विभागणी कंपनीने केली. पुष्कळांना फसवल्यासारखे वाटले. पण परवाना जीपीएल होता. व्यवसायाच्या आवृत्तीचीही स्रोतसंहिता खुली ठेवावीच लागली. तेव्हा काही स्वयंसेवकांनी ती संहिता घेतली, तिच्यातली कंपनीची नावे व चिन्हे काढली आणि २००४ मध्ये ‘सेंटओएस’ या नावाने तीच प्रणाली पुन्हा मोफत दिली. भांडण, न्यायालय, मोर्चा असे काही झाले नाही. कागदावर लिहिलेले एक कलम होते, तेवढे पुरले.

यातून मला जे दिसले ते असे. या माणसांची निष्ठा कंपनीवर नसते हे उघड आहे. पण ती प्रणालीवरही नसते, कारण प्रणाली ते सहज बदलतात, तिची शकले करतात, नावे बदलतात. निष्ठा असते ती त्या छोट्याशा कायदेशीर संहितेवर. धर्मग्रंथावरची श्रद्धा म्हणता येणार नाही. पण सनदेवरचा विश्वास नक्की म्हणता येईल.

सनदेचे शब्द पाळून तिचा आशय बाजूला सारता येतो, हेही पुढे दिसले. २०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतले, त्यातल्या प्रमुख मंडळींना नोकऱ्या दिल्या. २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, २०२९ पर्यंत चालेल असे ज्या सेंटओएस ८ विषयी लोक समजून होते ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी लगेच नवा प्रकल्प उभारला आणि त्याला रॉकी मॅकगॉ या आपल्या दिवंगत सहकाऱ्याचे नाव दिले : रॉकी लिनक्स. त्याच सुमारास अल्मालिनक्सही निघाली. जून २०२३ मध्ये कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. व्यवसायाच्या आवृत्तीची संहिता आता ग्राहकांनाच मिळेल. ग्राहकाने ती पुढे वाटायला परवाना आडवा येत नाही, मात्र तसे केल्यास कंपनी त्याच्याशी असलेला वर्गणीचा करार संपवू शकते. जीपीएलचा शब्द न शब्द शाबूत राहिला. आशय राहिला का? कंपनीचे म्हणणे असे की, काहीही भर न घालता आयती नक्कल करून विकणाऱ्यांना आम्ही का पोसावे. हे म्हणणे मी अगदीच टाकाऊ मानत नाही. पण देण्याचा हक्क आहे आणि दिल्यास दार बंद, अशा वाक्यरचनेला आपल्या घरगुती मराठीत काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे.

कंपन्या नेहमी घेतच असतात, असे मात्र नाही. आपल्या लिपीच्या बाबतीत तर उलट उदाहरण आहे, आणि तेही याच कंपनीचे. रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ नावाचे टंक जीपीएलखाली खुले केले; ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले होते. २०११ मध्ये त्यांना टंकांसाठीचाच खास मुक्त परवाना मिळाला. ‘लोहित’ म्हणजे तांबडा. कंपनीच्या लाल टोपीवरचा हा संस्कृत श्लेष कोणी तरी रसिकाने केला असावा. आमच्या गावच्या मातीचा रंगही तोच, पण त्याकडे नंतर येते.

मराठीला मुक्त टंकाचे महत्त्व का, हे एका अक्षराने सांगता येईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा र. हिंदीला या दुसऱ्या रकाराची गरज पडत नाही. त्यामुळे ज्या टंककर्त्यांच्या डोळ्यांपुढे हिंदीचा मोठा बाजार होता, त्यांच्या टंकांत हा र कित्येकदा उमटत नसे, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरे. युनिकोडमध्ये तो लिहिण्याचे दोन मार्ग आहेत : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. टंकात दोहोंची सोय करावी लागते. तीच गोष्ट मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ची; महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने त्यांची रूपे प्रमाण ठरवली, पण शासननिर्णयाने टंक बदलत नाहीत. बंद टंकात दोष आढळला तर आपण कंपनीला विनंतिपत्र लिहू शकतो. खुल्या टंकात ज्याला कळते तो स्वतः दुरुस्ती करून पाठवू शकतो, आणि एकाने केलेली दुरुस्ती सर्वांची होते. बाजाराच्या हिशेबात न बसणारी अक्षरे अशीच टिकतात.

या बाबतीत केरळने आपल्याला फार मागे टाकले आहे, हे कबूल केले पाहिजे. टंकयंत्राच्या सोयीसाठी १९७१ साली मलयाळम् लिपीची जोडाक्षरे तोडण्यात आली होती. ती पारंपरिक लिपी संगणकावर परत आणण्यासाठी १९९९ मध्ये ‘रचना’ची चळवळ उभी राहिली, तिच्या टंकाला ‘स्वतंत्र मलयाळम् कम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांचा हात लागला, आणि शासनाच्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळांमधून मुक्त प्रणाली रुजवली. लिपीवरची निष्ठा, मुक्त परवाना आणि सरकारी शाळा अशी तिहेरी वीण तिथे जुळली. आपल्या गोव्यातही सुरुवात चांगली झाली होती. परदेशी गेलेल्या गोमंतकीयांनी तिथले वापरलेले संगणक जमवून ‘गोवा स्कूल्स कम्प्युटर्स प्रोजेक्ट’तर्फे इथल्या शाळांना पाठवले, आणि या शतकाच्या आरंभी त्यांवर लिनक्स घालण्यासाठी रेड हॅटची मदतही मिळाली. साळगावचे पत्रकार फ्रेडरिक नोरोन्हा यांनी त्या काळात मुक्त सॉफ्टवेअरविषयी देशी-विदेशी नियतकालिकांतून सातत्याने लिहिले. पण आमच्याकडे त्या कामाला भाषेची जोड मिळाली नाही. संगणक आले, प्रणाली आली. पडद्यावरची भाषा इंग्रजीच राहिली. मराठीवाले आणि कोंकणीवाले आपापल्या जागी कोणती लिपी, कोणती राजभाषा या वादात गुंतलो होतो. यात मीही होते. केंद्र सरकारच्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली भारतीय भाषांची प्रणाली काढली, तिचीही आपल्या महाविद्यालयांतून फारशी विचारपूस झाली नाही.

आता लोहिताकडे. शिरगावात कोणी खाणीविषयी बोलल्याशिवाय फार वेळ राहत नाही. डोंगर पोखरला, खनिज बंदराकडे गेले, आणि विहिरींचे पाणी खोल गेले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या; डिसेंबर २०२२ मधल्या लिलावांत शिरगावचे नाव असलेले दोन खाणपट्टे होते. लिनक्सविषयी वाचताना मला सुरुवातीला वाटे की खनिज आणि स्रोतसंहिता यांची तुलनाच होऊ शकत नाही. खनिज एकदा उचलले की संपते. संहितेच्या लाख नकला केल्या तरी मूळ प्रत जागच्या जागी. मग कंपनीने कितीही नेले तरी समुदायाचे काय जाते?

पण डोंगराबरोबर विहीरही असते. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या संहितेत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. जगातले बँकांचे व टपालाचे व्यवहार जिच्यामुळे सुरक्षित चालतात, त्या संहितेची देखभाल मोजकीच माणसे तुटपुंज्या देणग्यांवर करत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन काही निधी उभारला. तरी २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’चे प्रकरण घडलेच. फाइली आवळून लहान करणारे हे छोटेसे साधन लासे कॉलिन हा एकटा माणूस वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता, आणि ते त्याने जाहीरपणे लिहिलेही होते. मदतीला म्हणून आलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने दोन-अडीच वर्षे विश्वास कमावला आणि मग हळूच त्या संहितेत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ते वेळीच सापडले. हे फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला आहेत. २००१ साली ज्या कंपनीच्या प्रमुखाने लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती, तीच ही कंपनी. २०१६ पासून ती लिनक्स फाउंडेशनची सभासद आहे. कोण आपला आणि कोण परका, याची खूणगाठ इथे कायमची बांधून ठेवता येत नाही.

तर संपते ते खनिज नव्हे, आटते ते पाणी. निष्ठेने काम करणाऱ्या माणसांचा वेळ, उमेद आणि झोप. जीपीएलमध्ये संहिता परत देण्याचे कलम आहे; माणसाची विचारपूस करण्याचे कलम नाही, आणि कोणत्याही परवान्यात ते लिहिता येईल असे मला वाटत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न, ‘तांचें पोट कशें भरता’, मी तेव्हा हसण्यावारी नेला होता. त्याचे उत्तर असे आहे की, काहींचे कंपन्यांच्या पगारावर उत्तम भरते, आज लिनक्सच्या गाभ्याचे बरेचसे काम पगारी अभियंतेच करतात. आणि काहींचे मुळीच भरत नाही, त्यांची नावेही आपल्याला माहीत नसतात. मराठीत प्रणालीचे शब्द बसवणारे बरेचसे याच दुसऱ्या गटातले. ‘फाइल’ ठेवावी की ‘संचिका’ म्हणावे, यावर रात्री जागून वाद घालणाऱ्या या माणसांचे काम आपल्या परिभाषाकोशांच्या मंडळांनी कधी मागवून पाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यांचे कित्येक शब्द मला पटत नाहीत. पण पडद्यावर रोज दिसणारा शब्द तोच आहे. कोशातला शब्द कपाटात आहे.

या निमित्ताने अकादमीपुढे एक सूचना ठेवते. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आणि त्यातला मजकूर कोंकणी विकिपीडियाला वापरता येऊ लागला. विद्यापीठाचे त्यात काही गेले नाही. सार्वजनिक पैशाने निघणाऱ्या आपल्या मराठी वार्षिकांचे जुने अंक ज्या टंकांत जुळवले गेले, त्यांच्या फाइली माझ्या प्रबंधासारख्याच झाल्या असण्याचा संभव मोठा आहे. त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, आणि लेखकांची संमती घेऊन मुक्त परवान्याखाली ठेवाव्यात. लेखकांपैकी काही जण बाजाराची शंका काढतील : उद्या एखाद्या प्रकाशकाने आमचा लेख घेऊन पुस्तक विकले तर? विकू दे. परवान्यात नाव देण्याची आणि त्याच अटीवर पुढे देण्याची अट घालता येते. मुदत संपलेल्या किल्लीपेक्षा विकणारा प्रकाशक बरा.

माझ्या प्रबंधाचे काम मी गेल्या पावसाळ्यात हाती घेतले. जुन्या टंकाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे एक छोटे साधन कोणा अनोळखी माणसाने लिहून खुले ठेवलेले सापडले. ते मूळ दुसऱ्या टंकासाठी होते. त्यातली अक्षरांची जुळणी माझ्या फाइलीप्रमाणे बदलून देण्याचे काम त्याच विद्यार्थ्याने तीन संध्याकाळी बसून केले आणि बदललेली प्रत मूळ कर्त्याकडे परत पाठवली. चार प्रकरणे वाचण्याजोगी झाली आहेत. पाचव्यात अजून सगळीकडे ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला आहे. ते हाताने सुधारते आहे.